नागपूर-मुंबई "दीड तास" छापता, पण कुठून कुठपर्यंत ते पण छापा ना

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्ट्या आल्या की, अधिवेशन आलं की, नाहीतर समृद्धीच्या टोलची बातमी आली की तुमच्याच नाही तर सगळ्याच पेपरात एक चौकट हमखास येते, नागपूरहून मुंबईला कशाने जावं म्हणून. विमान दीड तास, समृद्धी आठ तास, रेल्वे एक रात्र, खाली किलोमीटर आणि कोपऱ्यात विमानाचं छोटंसं चित्र. माझं धंतोलीत तिकीट बुकिंगचं दुकान आहे आणि अशी चौकट आली की पुढचे चार दिवस लोक मोबाइलवर तिचा फोटो दाखवत येतात, "भाऊ, दीडच तास लागते ना, मग दहाच्या मीटिंगले साडेसातचं विमान पुरते न जी?" नाही पुरत. आणि हे त्यांना समजावण्यात माझा अर्धा दिवस जातो म्हणून म्हटलं एकदा तुम्हालाच लिहावं.

आधी किलोमीटरचं बघू, कारण तिथूनच गोंधळ सुरू होतो. विमानाच्या रकान्यात कधी ६८० किमी असतं, कधी ७०१, आणि एकदा तर चक्क ८३७ छापलेलं बघितलं. हे तिन्ही आकडे खरे आहेत पण तिन्ही वेगवेगळ्या वस्तूंचे आहेत. ६८०-६८५ किमी म्हणजे सोनेगावच्या विमानतळापासून सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत पृथ्वीवर सरळ रेघ मारली तर जेवढं होतं तेवढं. ७०१ किमी ही समृद्धी महामार्गाची लांबी. आणि ८३७ म्हणजे रेल्वे, कारण गाडी वर्धा, बडनेरा, अकोला करत भुसावळला वर चढते मग मनमाड, नाशिक, इगतपुरी करून खाली सीएसएमटीला उतरते. तिला घाटाने आणि जंक्शनांनी जो वळसा दिला तो तिच्या किलोमीटरमध्ये दिसतो. विमानाने ८३७ किमी जायचं काही कारणच नाही.

नकाशावर पट्टी ठेवून बघा, मजा येते. ती रेघ अमरावतीच्या दक्षिणेकडून निघते, अकोला आणि वाशीमच्या मधून जाते, छत्रपती संभाजीनगरच्या जवळजवळ डोक्यावरून जाते आणि हरिश्चंद्रगडाच्या आसपास सह्याद्री ओलांडते. अर्थात विमान काही पट्टी धरून उडत नाही, त्याला हवेतले ठरलेले मार्ग असतात, उडताना आणि उतरताना धावपट्टीच्या दिशेने वळावं लागतं, त्यामुळे प्रत्यक्षात अंतर थोडं वाढतंच. पण मला समृद्धीचं कौतुक इथे वाटतं की जमिनीवरचा रस्ता असून तो ७०१ किमीतच बसवला, म्हणजे पट्टीच्या रेघेपेक्षा फार काही जास्त नाही. फक्त एक गोष्ट कोणी छापत नाही, की हे ७०१ किमी नागपूरजवळच्या शिवमडक्याला सुरू होतात आणि भिवंडीजवळच्या आमण्याला संपतात. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किमीचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला तेव्हा सगळीकडे हेडलाइन "नागपूर-मुंबई आठ तासात". अहो पण आमण्याला उतरून कोणाचं काय काम असतं? मुंबई तिथून पुढे चाळीस-पन्नास किमी आहे आणि ते चाळीस-पन्नास किमी कसे जातात हे मुंबईच्या वाचकांना मी काय सांगणार.

आता वेळ. तिकिटावर जो सुटायचा टाइम असतो तो विमान हवेत जायचा नसतो, ते जागेवरून हलायचा असतो. आणि पोचायचा टाइम म्हणजे चाकं टेकल्याचा नाही, तर मुंबईत विमान पार्किंगमध्ये जाऊन उभं राहिल्याचा. ह्याला आमच्या लाइनमध्ये ब्लॉक टाइम म्हणतात. नागपूर-मुंबईला तो साधारण दीड तासाच्या आसपास असतो, कोणी पाच-दहा मिनिटं कमी दाखवतं कोणी जास्त. ह्यातलं प्रत्यक्ष हवेतलं किती, तर तास-सव्वा तास. जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशेच्या वर जातं म्हणून लोक भागाकार करतात, ६८० भागिले ८३०, आले पन्नास मिनिटं, आणि मला विचारतात की उरलेली चाळीस कुठे गेली. अहो चढायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि पस्तीस हजार फुटांवरून खाली यायला दोनेकशे किमी आधीपासून उतरण सुरू करावी लागते, म्हणजे संभाजीनगर मागे पडलं की लगेच. एवढ्या छोट्या प्रवासात पूर्ण वेगाने सरळ जाणं होतं ते मधलं वीस-पंचवीस मिनिटं. चहा येतो न येतो तोच सीट सरळ करा म्हणतात ते त्याच्यामुळेच.

बाकीचा वेळ जमिनीवर जातो आणि बराचसा मुंबईत जातो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत, कामचलाऊ हिशोबाने एकच धावपट्टी समजा. त्या एकीवर दिवसाला नऊशेच्या वर विमानांची ये-जा. वारा पश्चिमेचा असला तर आपलं पूर्वेकडून आलेलं विमान घाटकोपरकडून सरळ आत जातं, वारा उलटा असला की त्याला वळसा घालून समुद्रावरून यावं लागतं. आणि गर्दी असली तर वर घिरट्या. कॅप्टन "एअर ट्रॅफिक कंजेशन" म्हणाला की समजायचं, वीस मिनिटं गेली. कंपन्यांना हे सगळं माहीत असतं म्हणून त्या छापील वेळेत आधीच थोडं वाढवून ठेवतात. मग सगळं सुरळीत झालं की "आपण नियोजित वेळेपेक्षा पंधरा मिनिटं लवकर पोचलो" अशी घोषणा आणि लोक खूश. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत असलं की विमान "वेळेवर" धरतात, आणि वेळेवरपणाची ती टक्केवारी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला काढतं ती पण मोजक्या मोठ्या विमानतळांवरची. तुम्ही ती टक्केवारी छापता तेव्हा हा हिशोब पण एका ओळीत सांगत जा, नाहीतर लोकांना वाटतं आपणच कमनशिबी.

हिवाळ्यात अजून एक गंमत असते. आपल्या अक्षांशावर थंडीत वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, कधीकधी ताशी शंभर किमीच्या आसपास. म्हणजे मुंबईहून नागपूरला येताना पाठीवर वारा आणि जाताना तोंडावर. फरक आठ-दहा मिनिटांचाच पडतो पण गिऱ्हाईक विचारतं की येतानाचं तिकीट लवकर पोचतं आणि जातानाचं उशिरा हे कसं, अंतर तर तेवढंच आहे. पावसाळ्यात वरचा वारा उलटा होतो पण त्याला थंडीतल्यासारखा जोर नसतो.

अंतर आणि वेळ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पटवायला मी हल्ली अमरावतीचं उदाहरण देतो. बेलोऱ्याचं विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं आणि मुंबईला विमान सुरू झालं, आनंदच आहे, त्या लोकांना आधी नागपूरला येऊन विमान पकडावं लागायचं. अमरावती मुंबईला नागपूरपेक्षा सव्वाशे-दीडशे किमी जवळ, सरळ रेघेत ५४० च्या आसपास. पण विमान सुरू झालं तेव्हा वेळापत्रकात पावणेदोन तास होते! जवळच्या गावाला जास्त वेळ. कारण तिथे जातं ते पंख्याचं एटीआर, ७०-७२ सीटचं, ताशी पाचशेच्या आसपास जाणारं. ह्यात वाईट काही नाही, छोट्या धावपट्टीला आणि थोड्या प्रवाशांना तेच परवडतं. पण तुमच्या पेपरच्या अमरावती पुरवणीत "विमानाने मुंबई एक तासावर" असं छापून आलं होतं ते कुठून आलं देव जाणे. किलोमीटरला आठशेने भागलं असणार.

बरं हा ब्लॉक टाइम नुसता कागदावरचा आकडा नाही, त्याच्यावर प्रवाशाचे हक्क ठरतात आणि हे तुमच्या चौकटीत कधीच नसतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे, की ज्या विमानाचा ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत आहे त्याला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर चेक-इन वेळेत केलेल्या प्रवाशाला कंपनीने खाणंपिणं द्यायचं. म्हणजे नागपूर-मुंबईवाल्याला दोन तासांनंतर. सहा तासांच्या वर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड प्रवाशाची. आणि आधी न कळवता कंपनीच्या चुकीने विमान रद्द झालं तर भरपाई पण ब्लॉक टाइमवरच, तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांत ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, ह्यातलं जे कमी असेल ते. म्हणजे आपण साडेसात हजारवाले. धुकं, वादळ, संप अशी कारणं असली तर ही भरपाई मिळत नाही. हे किती जणांना माहीत आहे? मागच्या थंडीत एक काका आले, विमान तीन तास उशिरा सुटलं आणि काउंटरवर पाणी मागितलं तर समोरच्या दुकानाकडे बोट दाखवलं म्हणे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तो विषय नाही. काकांना नियम माहीत असता तर त्यांनी निदान मागितलं तर असतं, एवढंच.

आता ज्या दीड तासावर लोक भुलतात त्याचा घरापासूनचा हिशोब करून दाखवतो. समजा साडेसातचं विमान आणि काम मंत्रालयात. बॅग टाकायची असेल तर काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणजे सहाला तरी पोचायला पाहिजे, म्हणजे धंतोलीतून साडेपाचला घर सोडा. मेट्रोने जाईन म्हणाल तर एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, तिथून टर्मिनलपर्यंत ऑटो नाहीतर पायी, आणि हातात बॅग. सिक्युरिटी, मग गेट, ते पंचवीस मिनिटं आधी बंद होतं हे लोक विसरतात आणि समोसा खात बसतात. नऊला मुंबईत विमान उभं राहिलं. मग बस असली तर बस, मग पट्ट्यावर बॅगेची वाट बघत उभे, सव्वानऊ-साडेनऊ. पूर्वी इथून पुढे टॅक्सी आणि देवाची मर्जी असं होतं पण आता मेट्रो तीन झाली हे खरंच भारी काम झालंय, टी-१ आणि टी-२ ह्या दोन्ही टर्मिनलकडे जमिनीखाली स्टेशन आणि ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत, मंत्रालयवाल्यांना विधान भवन स्टेशनला उतरता येतं. पाऊण तास धरा. आले सव्वादहा-साडेदहा. म्हणजे घरापासून पाच तास, आणि हे सगळं सुरळीत झालं तर.

समृद्धीचा पण असाच करा. कारला १२० ची मर्यादा, ७०१ किमीला न थांबता गेलं तर जवळजवळ सहा तास, पण न थांबता कोण जातं आणि जाऊ पण नये, त्या सरळ रस्त्यावर डुलकी लागून काय होतं ते तुम्हीच छापत असता. धरा सात-साडेसात. त्यात घरापासून शिवमडका आणि आमण्यापासून मंत्रालय मिळवा, नऊ-दहा तास. म्हणजे खरी तुलना पाच विरुद्ध साडेनऊ अशी आहे, दीड विरुद्ध आठ अशी नाही. विमान अजूनही निम्म्यात पोचवतं, मी तर तिकीटच विकतो, मला काय विमानाशी वाकडं असणार. पण चार जणांच्या घरच्यांना हा आकडा कळला तर ते कदाचित कार काढतील, आणि एकट्या माणसाला सकाळी दहाला इंटरव्ह्यू असेल तर तो आदल्या रात्रीच्या दुरांतोने जाईल, सकाळी आठच्या सुमारास सीएसएमटीला उतरेल, तोंड धुऊन वेळेत पोचेल. मी दहाच्या कामाला सकाळचं विमान कोणाला देतच नाही, भांडले तरी. टाटा हॉस्पिटलची अपॉइंटमेंट, व्हिसाचा इंटरव्ह्यू, कोर्टाची तारीख, ह्या गोष्टी विमानाच्या भरवशावर ठेवायच्या नाहीत.

घ्यायचंच असेल तर दिवसातलं पहिलं घ्या. ते विमान बहुतेक वेळा रात्री नागपुरातच मुक्कामाला असतं त्यामुळे दुसरीकडून यायची भानगड नसते. दुपारनंतरचं विमान सकाळपासून चार गावं फिरून आलेलं असतं, दिल्लीत धुकं पडलं की त्याचा उशीर फिरत फिरत आपल्या सोनेगावला येतो, इकडे लख्ख ऊन आणि बोर्डावर "डिलेड". लोक खिडकीतून आभाळाकडे बघतात आणि कंपनीला शिव्या घालतात. सगळ्या शिव्या चुकीच्या नसतात म्हणा.

विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट, नव्या पोरांना माहीत नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशी चारही बाजूंनी विमानं रात्री नागपूरला यायची, इथे सोनेगावला टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत सगळी आपापल्या गावी परत. नागपूर मध्यभागी म्हणून. सुरुवातीची ती डाकोटा विमानं, ताशी पावणेतीनशे-तीनशेने जाणारी, म्हणजे मुंबईहून यायला हवेतच सव्वादोन-अडीच तास. आज त्याच्या निम्म्यात येतो. पण तेव्हा मुंबईत रात्री टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात असायचं, आणि आज नागपूरहून भल्या पहाटे निघालेला माणूस दहाच्या मीटिंगला घामाघूम. विमानाचा वेग वाढला, पण विमानाच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं पण वाढलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्याच्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो. आता मुंबई नावाची दोन विमानतळं झाली आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. नवी मुंबई, पनवेल, पुण्याकडच्या लोकांची मोठीच सोय आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण मोबाइलवर "मुंबई" टाकलं की दोन्हीकडची विमानं एकाखाली एक येतात, वेळ तेवढीच, अंतर तेवढंच, आणि जे दोनशे-तीनशे रुपयांनी स्वस्त ते लोक पटकन दाबतात. बारीक अक्षरात बीओएम आहे की एनएमआय हे कोण बघतं? जुन्याची तीन अक्षरं बीओएम, नव्याची एनएमआय. दोघांमध्ये रस्त्याने पस्तीस-चाळीस किमी आणि मुंबईचं ट्रॅफिक.

ज्याला वाशीला मामाकडे जायचंय त्याचं काही बिघडत नाही. पण आपल्याकडून कितीतरी लोक मुंबईला फक्त विमान बदलायला जातात, दुबई, मस्कत, दोहा, मुलाकडे अमेरिकेला. दोन वेगळी तिकिटं काढतात, दोन वेगळे पीएनआर, कारण तसं स्वस्त पडतं. अशा तिकिटात पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीची काहीही जबाबदारी नसते, तुम्ही पोचला नाहीत तर तुम्ही "नो शो", पैसे बुडाले. आतापर्यंत निदान टी-१ हून टी-२ ला जायचं असायचं, ते पण सामान उचलून बाहेर येऊन परत आत जायचं, म्हाताऱ्या माणसांचे हाल. आता त्यात नवी मुंबईला उतरून सहारला, म्हणजे टी-२ ला, जायची भर. एक जोडपं दुकानात आलं, पासष्ट-सत्तरचं वय, मुलाने परदेशातून ऑनलाइन तिकीट काढून दिलेलं, नागपूरचं विमान एनएमआयला संध्याकाळी आणि पुढचं टी-२ हून त्याच रात्री, मध्ये साडेतीन तास. मुलाला वाटलं साडेतीन तास भरपूर झाले. आजी म्हणाल्या, "एकाच गावात तर आहे बाप्पा." मी त्यांना आदल्या दिवशीचं तिकीट करून दिलं, मुलाने फोनवर माझ्याशी वाद घातला, की गूगल तर तास-सव्वा तास दाखवतंय. तो पहाटेचा टाइम बघत होता.

तर साहेब, पुढच्या वेळी चौकट कराल तेव्हा मुंबई असं मोघम नका लिहू. सांताक्रूझ टी-१, सहार टी-२ की नवी मुंबई ते लिहा, आणि तिथून दादर, मंत्रालय, बीकेसी, ठाणे ह्या चार ठिकाणी जायला सकाळी किती आणि संध्याकाळी किती लागतो ते तुमच्या मुंबईच्या वार्ताहराला एकदा स्वतः जाऊन बघायला सांगा, साइटवरून उतरवून नका घेऊ. टॅक्सीचं भाडं पण लिहा. तिकिटात वाचवलेले तीनशे रुपये तिथे सहज जातात, आणि लोकांना ते टॅक्सीत बसल्यावर कळण्यापेक्षा तिकीट काढायच्या आधी पेपरात कळलेलं बरं.

आपला नियमित वाचक,
एक तिकीट बुकिंगवाला, धंतोली, नागपूर